तबकड्या मोडीतल्याच होत्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून उत्तर आज देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : परदेशी विद्यापीठांशी सहकार्य म्हणजे त्यांचं मोडीतलं सामान आपल्या गळ्यात आणि आपला डेटा त्यांच्या घशात, आपण नुसते हमाल.

करारांपुरतं बोलत असाल तर निम्मं मान्य. मी शिकवायचो त्या कॉलेजात असा एक करार झाला होता. शाल-श्रीफळ, फोटो, सगळं यथासांग. पुढे त्या फाइलची आठवण यायची ती कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची समिती येणार असली की.

पण मोडीतलं सामान? आपले खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप 1953 साली सिडनीला सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत रेडिओ खगोलशास्त्र, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींचा अभ्यास, शिकायला गेले. तिथल्या पॉट्स हिलच्या रेडिओ दुर्बिणीच्या 32 तबकड्या (अँटेना), सहा-सहा फुटी, काम संपल्यामुळे निकालात निघणार होत्या. त्यांनी त्या भारतासाठी मागून घेतल्या. स्टॅनफर्डहून पीएचडी करून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले आणि 1965 साली त्याच तबकड्या कल्याणला उभ्या केल्या. हो, आपलं लोकलचं कल्याण! तिथे सूर्याचे वेध घेताना हात बसलेल्या मंडळींनी पुढे उटीची रेडिओ दुर्बीण उभारली, आणि त्या अनुभवातून नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आली : 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, तारेच्या जाळीच्या, आराखडा इथलाच. मोडीतून एवढं निघत असेल तर मोड रोज यावी.

आता डेटा. खोडदच्या दुर्बिणीवर कुठल्याही देशातला संशोधक वेळ मागू शकतो; प्रस्तावात दम असेल तर मिळतो. याला तुम्ही लूट म्हणता. जून 2023 मध्ये काय झालं ते बघा. अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं, त्यात युरोपच्या गटाबरोबर आपला भारत-जपान गट होता : टीआयएफआर, आयआयटी, कुमामोतो विद्यापीठ वगैरे. या लहरी ओळखायच्या तर पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांत सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही बारीक फरक शोधायचा असतो. पण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ लहरी रेंगाळतात, आणि हे रेंगाळणं बदलत राहिलं की ते गुरुत्वीय लहरींच्या खुणेसारखंच भासतं. कमी वारंवारतेला हा उशीर सर्वात ठळक दिसतो, म्हणून तो नेमका मोजून वजा करता येतो. खोडदचं बळ नेमकं तिथे. शोधनिबंधावर दोन्ही गटांची नावं आहेत. हमालाचं नाव पावतीवर नसतं.

वाटा सारखा होता असं मात्र मी म्हणणार नाही. युरोपच्या गटाकडे जवळपास 25 वर्षांची निरीक्षणं, आपली साडेतीन वर्षांची. उशिरा सुरुवात केल्याचा तो हिशेब आहे. त्यात कुणी फसवलेलं नाही.

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास जीएमआरटी सगळ्यांसाठी खुली असते. या एकदा. उरलेलं भांडण तिथे तबकडीखाली उभं राहून करू.