केग, कूलर आणि संत्र्याचा चोथा

मार्च लागला की मृग बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारातून आमच्या घरी येतात आणि गच्चीवरचा कूलर खिडकीत येतो. यंदा दोघांच्या मधोमध केग, म्हणजे दाबाखाली पेय साठवायचं पिंप, येऊन बसला.

भाचा अमेरिकेत गॅरेजमध्ये बिअर करतो. तिकडे १९७८ च्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे. इकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्याहून जुनी माझी बायको. म्हणून त्यानं आणलेल्या १९ लिटरच्या स्टीलच्या केगात मी संत्र्याचा सोडा भरला. तसाही हा केग मुळात शीतपेयाच्या पाकासाठीच जन्मला. बिअरवाल्यांनी त्याला नंतर दत्तक घेतलं.

पाहुण्यांसमोर नळ दाबला. फुस्स! दोन थेंब, मग नुसता खोकला. गॅसचा दाब वाढवला, तर खोकला वाढला. आत काय झालं ते बघावं म्हणून झाकण उघडायला घेतलं, तोच व्हिडिओ कॉलवरचा भाचा ओरडला, "मामा, उघडू नका! बिअर असती तर मेली असती!"

तयार बिअरला हवा लागली की काही दिवसांत तिला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव येते म्हणे. म्हणून ही मंडळी आधी केग निर्जंतुक करायच्या पाण्यानं काठोकाठ भरतात, ते पाणी कार्बन डायऑक्साइडनं ढकलून बाहेर काढतात आणि मग बंद नळीतून बिअर आत सोडतात. गार करताना भांडं बाहेरची हवा आत ओढतं, त्याचीही धास्ती. एवढं सोवळं तर आमच्या आजीनं लोणच्याच्या बरणीलाही पाळलं नाही.

तेवढ्यात कूलरची खस बदलायला आलेला पोरगा डोकावला. "काकाजी, हे चोक झालं. कूलरच्या पाइपात गाळ अडकला का आम्ही उलटं फुकतो." आणि खरंच तोंड लावायला वाकला. त्याला मागे ओढलं.

भाचा म्हणाला, "बरोबर सांगतोय तो. गॅस उलटा, बाहेरच्या नळीतून आत सोडा." बिअरमध्ये हॉप्सचा, म्हणजे तिला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, चुरा अडकतो, आमच्याकडे संत्र्याचा चोथा. काळी जोडणी पेयाची, करडी गॅसची. चष्मा लावूनही मला दोन्ही एकच दिसतात. तरी जमलं. आत गुडगुड झाली आणि एक ग्लास सुरेख भरला. दुसऱ्याला पुन्हा फुस्स.

मग व्हॉल्व्ह खोलून साफ करायचा माझाच शहाणपणा. आधी दाब सोडायचा असतो, हे भाचा सांगत होता. मी पाना फिरवत होतो. व्हॉल्व्हची टिकली उडाली, मागोमाग कारंजं! छत, पाहुण्यांचे शर्ट, नवी खस, सगळं संत्री. टिकली शेवटी कूलरच्या टाकीत सापडली. त्या रात्री कूलरनं अख्ख्या घराला संत्र्याची हवा दिली.

भाच्याचं म्हणणं, आता तरंगती नळी घ्या, ती वरचं निवळ घेते आणि तळाचा गाळ तळाशीच राहतो. डॉलरमधली किंमतही त्यानं सांगितली.

बायको छत पुसता पुसता म्हणाली, "त्यापेक्षा रस गाळून घेतला असता तर?"

भाचा तिकडे बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, नेट गेलं.