डासामागे एक आणा

ब्रिटन सरकार परदेशी मदत २०२७पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणणार, तिच्यातून चालणाऱ्या आरोग्य-संशोधनालाही कात्री लागणार, ही बातमी मी घरच्या ग्रुपवर टाकली. मोहोळच्या चुलतभावाचं उत्तर आलं, ‘बरं झालं. त्यांना आपल्या माणसांवर औषधं तपासून बघायची असतात. डॉ. बावस्करांनी महाडला विंचवावर काम केलं, ते काय कुणाच्या ग्रँटवर?’ खाली अंगठ्यांची रांग.

बावस्करांचं नाव काढलं की वाद मिटला, असं आपल्याकडे समजतात. त्यांचं कौतुक मलाही आहे. सरकारी दवाखान्यात राहून विंचूदंशाचे रोगी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीवर वाचवले. पण एखादा डॉक्टर पदरमोड करतो म्हणून देशाने हात झटकायचे? भारत संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, मी राहतो त्या ब्रिटनमध्ये अडीच टक्क्यांच्या वर. (आता ‘साहेब झालास’ येणार, ते ठरलेलं आहे.)

सापाचंच घ्या. भारतात वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं सर्पदंशाने मरतात. रात्रीची लाइट आली की हाच भाऊ बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो, पायात स्लिपर. गमबूट घाल म्हटलं तर म्हणतो, चिखलात रुततात. आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची. तिच्यासाठीचं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सोसायटीतून येतं, आणि तिथल्या घोणसाचं विष नि इकडच्याचं सारखंच असेल असं नाही. हे तपासायला पैसा कुणी द्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतला तो २०१७ साली. २०१९मध्ये आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने त्यासाठी आठ कोटी पौंड जाहीर केले. निर्णय लंडनला युस्टन रोडवरच्या त्यांच्या कचेरीत झाला, मोहोळात नाही.

म्हणजे भाऊ अगदीच खोटं बोलत नाही, बोलायची तऱ्हा तेवढी डोक्यात जाते. पैसा ज्याचा, आजारही तोच निवडणार. आमच्या लिव्हरपूलची ट्रॉपिकल मेडिसिनची संस्था १८९८ साली आल्फ्रेड जोन्स या जहाजमालकाच्या पैशावर निघाली, कारण पश्चिम आफ्रिकेच्या व्यापारातली माणसं तापाने आजारी पडत होती. आता तिथेच सापाच्या विषावर काम चालतं. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला आणि मग रॉस या संस्थेत आला. १९०२चं नोबेल त्याला इथे असताना मिळालं. ज्या हुसेन खानने ते डास स्वतःला चावून घेतले, त्याला डासामागे एक आणा.

हे सगळं मी रात्री कचऱ्याचा जांभळा बिन बाहेर ठेवून आल्यावर भावाला लिहीत बसलो. त्याने एवढंच विचारलं, ‘तू कुणाच्या बाजूचा?’

कपात करणाऱ्या पक्षाला २०२४ला मी मत दिलंय, भारतीय पासपोर्टवर. इथे चालतं. सोलापूरच्या यादीत माझं नाव राहिलेलं नाही. सिव्हिलमध्ये सापाची लस का संपली, हे आमदाराला दारात उभं राहून विचारायचा हक्क भावाला आहे आणि तो विचारत नाही. मला खरा राग बहुधा त्याचाच येतो.