प्रदेशांचा ताळेबंद मांडताना

‘आमचा प्रदेश भरतो जास्त आणि त्याच्या पदरात पडते कमी’ ही तक्रार अनेक देशांत ऐकू येते आणि तिच्या पाठीशी बहुधा एखादा आकडा असतो. तो खोटा असतोच असे नाही. मात्र तो कोणत्या पद्धतीने काढला हे सांगितल्याखेरीज तो कोणाच्या तोंडावर फेकू नये, असे माझे मत आहे.

स्पेनमधील कॅटलोनिया या प्रदेशाचेच पाहा. 2011 या एकाच वर्षासाठी तेथील प्रादेशिक सरकारने आपली वित्तीय तूट, म्हणजे प्रदेशातून केंद्राकडे गेलेला पैसा आणि केंद्राकडून मिळालेला पैसा यांतला फरक, एका पद्धतीने सुमारे 1,500 कोटी युरो दाखवली, तर दुसरीने सुमारे 1,109 कोटी. पुढे स्पेनच्या केंद्रीय अर्थखात्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती सुमारे 846 कोटीच निघाली. यात लबाडी कोणीच केली नव्हती. पहिली पद्धत पैसा कुठे खर्च झाला हे पाहते, दुसरी त्याचा लाभ कोणाला झाला हे पाहते. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील पहारेकऱ्याचा पगार पहिल्या हिशेबात एकट्या माद्रिदच्या नावावर पडतो, दुसऱ्यात मात्र तो साऱ्या देशात वाटला जातो. शिवाय केंद्र कर्ज काढून खर्च करत असेल, तर बहुतेक प्रदेश फायद्यात दिसतात. म्हणून केंद्राच्या अंदाजपत्रकातील तूट करांतूनच भरून निघाली असे गृहीत धरून आकडा सुधारण्याची प्रथा आहे, आणि केंद्राची तूट मोठी असलेल्या वर्षी एवढ्या एका गृहीतकानेही चित्र पालटते.

यापेक्षा मोठी गफलत वेगळीच आहे. कर भरतात ती माणसे, प्रदेश नव्हे. कॅनडात 1957 पासून समानीकरण अनुदान, म्हणजे कमी महसूल क्षमतेच्या प्रांतांना केंद्राकडून मिळणारी मदत, आहे, पण अल्बर्टा या श्रीमंत प्रांताचे सरकार त्यासाठी राजधानी ओटावाला धनादेश पाठवत नाही. ती रक्कम केंद्राच्या सर्वसाधारण महसुलातून जाते आणि अल्बर्टातील श्रीमंत माणूस केंद्राचा प्राप्तिकर इतर प्रांतांतील श्रीमंताच्याच दराने भरतो. तसेच एखाद्या कामगाराने तीस वर्षे औद्योगिक प्रदेशात वर्गणी भरली आणि निवृत्तीनंतर तो गावी परतला, तर त्याचे निवृत्तिवेतन गावाकडच्या प्रदेशाला मिळालेले धन म्हणून नोंदले जाते. (त्याने ते स्वतः कमावले आहे, ही गोष्ट ताळेबंदाच्या रकान्यात बसत नाही.) एकूण शिल्लक आकड्याचा बराचसा भाग अशा व्यक्ती-व्यक्तींमधील पुनर्वाटपाचा असतो, त्यामुळे त्यावरून प्रदेशावर अन्याय झाला असे ठरवता येत नाही.

अन्याय शोधायचाच असेल, तर त्याच शाळा आणि तीच रुग्णालये चालवण्यासाठी, वय आणि वस्तीची विरळता लक्षात घेऊन, दरडोई किती निधी मिळतो हे तपासावे. तेथे खरी विसंगती सापडते. त्याच स्पॅनिश अभ्यासात सर्वांत मोठी तूट कॅटलोनियाची नव्हे, तर सुमारे 1,672 कोटींची माद्रिदची होती, आणि माद्रिद श्रीमंत असल्याने ते समजण्यासारखेही आहे. परंतु सरासरीपेक्षा गरीब असलेला व्हॅलेन्सिया प्रदेश देणाऱ्यांत होता आणि स्वतःचे कर स्वतः गोळा करण्याची विशेष सवलत असलेला श्रीमंत बास्क प्रदेश घेणाऱ्यांत.