स्वतःचा सर्व्हर घेतला म्हणजे सुटलात, असं नाही

ब्लूस्काय या ट्विटरसारख्या सोशल नेटवर्कच्या वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. आशय असा: स्वतःचा पीडीएस, म्हणजे पर्सनल डेटा सर्व्हर, उभा करा. दहा मिनिटांचं काम आहे. मग डेटा खासगी, खातं कोणी बंद करू शकत नाही, ओळख तुमच्या मालकीची, आणि उद्या कंपनी बुडाली तरी तुमचं काही बिघडत नाही. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि पंचाईत तीच आहे. धडधडीत खोटं असतं तर लोकांनी लगेच ओळखलं असतं. मी स्वतःचा पीडीएस चालवावा या मताचा आहे, म्हणूनच हे लिहितोय.

आधी थोडी पूर्वपीठिका. ब्लूस्काय ज्या एटी प्रोटोकॉलवर चालतं, त्यात काम वाटलेलं आहे. पीडीएसमध्ये तुमच्या पोस्ट, लाइक, फॉलो, ब्लॉक यांच्या नोंदी राहतात. रिले सगळ्या पीडीएसकडून या नोंदी गोळा करून एका प्रवाहात पुढे सोडतो. ॲपव्ह्यू त्या प्रवाहातून टाइमलाइन, रिप्लाय, लाइकचे आकडे, सर्च हे सगळं तयार करतो. बाहेरच्या पीडीएसना मुख्य नेटवर्कशी जोडून घेणं फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे स्वतःचा पीडीएस घेताना तुम्ही या तिघांपैकी एकच भाग आपल्याकडे आणता. बाकीचे दोन होते तिथेच राहतात.

"डेटा खासगी होतो"

अजिबात होत नाही. पीडीएसचं कामच मुळी तुमच्या नोंदी जगाला देणं हे आहे. 'गेटरेपो' नावाची विनंती कोणीही कुठल्याही पीडीएसला पाठवू शकतं, लॉगिन लागत नाही. उत्तरात त्या खात्याची अख्खी रेपो, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, 'कार' नावाच्या फाइलमध्ये बांधून मिळते. कोणाला ब्लॉक केलंय तेसुद्धा त्यात असतं. पोस्ट डिलीट केली की ती तुमच्या रेपोमधून जाते आणि तसा निरोप प्रवाहात सुटतो, पण मधल्या वेळात ज्यांनी प्रत घेतली त्यांनी तो निरोप पाळायचा की नाही, हे त्यांच्या सचोटीवर. म्यूट केलेल्यांची यादी जाहीर नसते हे खरं, पण ती तुमच्याकडेही नसते, ॲपव्ह्यूकडे असते.

आणि डीएम? ते तुमच्या पीडीएसवर येतच नाहीत. मे २०२४ मध्ये आलेली ही चॅट सेवा ब्लूस्काय स्वतःच्या सर्व्हरवर चालवतं, आणि ती आली तेव्हा तिच्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नव्हतं. थोडक्यात, जे खरोखर खासगी असायला हवं तेच नेमकं कंपनीकडे राहतं.

"खातं कोणी बंद करू शकत नाही"

तुमच्या डिस्कवरच्या नोंदी ब्लूस्कायला पुसता येणार नाहीत, इथपर्यंत बरोबर. पण ब्लूस्कायच्या ॲपमध्ये काय दिसावं हे त्यांचा ॲपव्ह्यू ठरवतो, आणि त्यांचे मॉडरेशनचे निर्णय बाहेरच्या पीडीएसवरच्या खात्यांनाही लागू होतात. तिथून तुम्हाला उतरवलं तर पोस्ट रेपोमध्ये जशाच्या तशा राहतील, दुसऱ्या एखाद्या ॲपव्ह्यूवर दिसतीलही. तुमचे वाचक मात्र बहुतेक ब्लूस्कायच्याच ॲपमध्ये असणार. मला यात अन्याय वाटत नाही, आपल्या ॲपमध्ये काय दाखवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. फक्त 'कोणी हात लावू शकत नाही' असं सांगून कोणाला भरीस घालू नका. भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे होस्टिंग कंपनीच्या आभासी सर्व्हरवर, असाल तर होस्टिंगवाल्याच्या अटी वेगळ्याच.

"ओळख तुमच्या मालकीची होते"

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं.

हँडल, म्हणजे तुमचं डोमेनचं नाव, ही नुसती दारावरची पाटी. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर हँडल अवैध दिसेल, पण खातं जात नाही. खरी ओळख म्हणजे डीआयडी, खात्याचा कायमचा ओळख क्रमांक: बहुतेकांचा 'डीआयडी-पीएलसी' आणि त्यापुढे २४ अक्षरं-आकडे असा असतो. तुम्हाला कोणी फॉलो केलं की त्याची नोंद त्या माणसाच्या रेपोमध्ये होते, तुमच्या नाही. त्या नोंदीत तुमचं हँडल नसतं, सर्व्हरचा पत्ता नसतो, फक्त डीआयडी असतो. म्हणजे फॉलोअर तुमच्या सर्व्हरवर नसतातच, ते डीआयडीला जोडलेले असतात. डीआयडी ताब्यात असेल तर सर्व्हर कितीदाही बदला, एकही फॉलोअर हलत नाही. ताबा गेला, तर सगळ्या पोस्ट डिस्कवर सुखरूप असूनही नवं खातं शून्यापासून.

हा ताबा ठरतो रोटेशन कीवरून, म्हणजे डीआयडीच्या नोंदीत बदल करायला लागणाऱ्या गुप्त किल्लीवरून. पीएलसी डिरेक्टरीत, म्हणजे कुठला डीआयडी कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणाऱ्या जाहीर नोंदवहीत, प्रत्येक डीआयडीसमोर १ ते ५ रोटेशन की नोंदवलेल्या असतात. त्यांपैकी एकीची सही असल्याशिवाय सर्व्हरचा पत्ता बदलत नाही. आता पीडीएसचा इन्स्टॉलर चालवून झाल्यावर 'पीडीएस डॉट ईएनव्ही' ही सेटिंग्जची फाइल उघडून बघा. होस्टनेम, जेडब्ल्यूटी सीक्रेट, ॲडमिन पासवर्ड, आणि त्याच गर्दीत पीएलसी रोटेशन की असं नाव असलेली एक ओळ, बरोबरच्या चिन्हापुढे ६४ हेक्स अक्षरं. तुमच्या ओळखीचा ताबा म्हणजे ही एक ओळ. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, आणि तीही पोस्ट ज्या डिस्कवर आहेत त्याच डिस्कवर.

डिस्क मेली आणि बॅकअप नसेल तर दोन्ही एकदम जातात. खातं ब्लूस्कायच्या सर्व्हरवरून हलवून आणलं असेल, तर त्या स्थलांतरात एरवी त्यांच्या की निघून तुमच्या पीडीएसची की लागते. म्हणून नंतर त्यांच्या सपोर्टला कितीही विनवण्या केल्या तरी ते काही करू शकत नाहीत, त्यांच्या हातात काही उरलेलंच नसतं. कंपनीकडे असताना निदान ती एक सोय होती. मालकी आली की जबाबदारीही येते, पण फिरणाऱ्या सल्ल्यात तिचा उल्लेख कधी सापडत नाही.

उपाय अवघड नाही. स्वतःची वेगळी रोटेशन की तयार करा, ती यादीत सर्वांत वर लावा आणि सर्व्हरपासून लांब ठेवा. 'गोट' नावाच्या कमांडलाइन साधनाने हे होतं. वर लावायला सांगतोय कारण क्रमाला अर्थ आहे: खालच्या कीने केलेला बदल वरची की ७२ तासांच्या आत उलटवू शकते. सर्व्हरमध्ये घुसून कोणी डीआयडी पळवला, तरी तीन दिवस तुमच्या हातात असतात. 'डीआयडी-वेब' हा डीआयडीचा दुसरा प्रकार घेतलेल्यांना हा मार्ग नाही. तिथे डोमेन हीच ओळख, आणि डोमेन गेलं की ओळख गेली.

"कंपनी बुडाली तरी फरक पडत नाही"

याला पुरावा म्हणून एप्रिल २०२५ मधला बिघाड दाखवतात. २४ तारखेला ब्लूस्काय बंद पडलं, आणि स्वतःच्या पीडीएसवर असलेल्यांचं काम चालू राहिलं. बरोबर आहे. पण बिघाड कुठे होता? कंपनीच्या पीडीएसच्या नेटवर्कमध्ये. म्हणजे जो भाग तुम्ही स्वतःकडे घेतला होता, नेमका तोच. तोच बिघाड ॲपव्ह्यूमध्ये झाला असता तर तुमचा पीडीएस चालू असूनही ॲपमध्ये काही दिसलं नसतं.

पीएलसी डिरेक्टरी ब्लूस्काय कंपनीनेच सुरू केली. तिला तुमच्या नावाने खोटी नोंद घुसवता येत नाही, कारण डीआयडी हा पहिल्या नोंदीच्या हॅशवरून, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने काढलेल्या ठशावरून, बनतो आणि पुढची प्रत्येक नोंद सही केलेली असते. मात्र चालवणाऱ्याने ठरवलं तर नवी नोंद घ्यायला नकार देता येतो. नोंदींचा सगळा इतिहास जाहीर आहे, कोणीही त्याची प्रत ठेवू शकतं, हा दिलासा. ब्लॅकस्काय या स्वतंत्र समूहाने स्वतःचा पीडीएस आणि स्वतःचा रिले उभा करून दाखवला आहे, तेव्हा कंपनीशिवाय जगणं अशक्य नाही. पण ते कोणीतरी करावं लागतं. तुमच्या एकट्याच्या पीडीएसने ते होत नाही.

"दहा मिनिटांचं काम"

इन्स्टॉलेशन खरंच तेवढंच. १ जीबी मेमरी, एक कोअर, २० जीबी एसएसडी हे १ ते २० जणांना पुरतं असं अधिकृत सूचनाच सांगतात. मॅस्टोडॉन या दुसऱ्या विकेंद्रित नेटवर्कचा सर्व्हर बाहेरच्यांच्या पोस्ट आणि फोटोही साठवत बसतो, पीडीएस फक्त आपल्या खात्यांचं ठेवतो, म्हणून तो इतका हलका. 'फार मोठं मशीन लागतं' म्हणणारेही चुकतातच.

वेळ जातो तो नंतर. वॉचटॉवर नावाचा सोबतचा प्रोग्राम पीडीएसचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट करतो, ऑपरेटिंग सिस्टिमकडे तुम्हालाच बघावं लागतं. ईमेल पाठवायची सोय बहुतेक जण पुढे ढकलतात. अनेक होस्टिंगवाले ईमेल जाण्याचा मार्ग, पोर्ट २५, बंद ठेवतात, म्हणून एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवण्याची, सेवा वेगळी घ्यावी लागते. आणि पासवर्ड बदलायचा कोडच नाही, तर सर्व्हर सोडून जाताना डीआयडीवर सही करायला लागणारा कोडही ईमेलवरच येतो.

बॅकअपचंही तसंच. प्रत्येक खात्याचा वेगळा एसक्यूलाइट डेटाबेस असतो. चालू सर्व्हरवरून त्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर अर्धवट प्रत मिळू शकते, म्हणून आधी सर्व्हर थांबवा किंवा एसक्यूलाइटची बॅकअप कमांड वापरा. अधूनमधून कार फाइल उतरवून निर्धास्त असणाऱ्यांसाठी आणखी एक: त्या फाइलमध्ये नोंदी असतात, फोटो आणि व्हिडिओ नसतात. ते वेगळे उतरवावे लागतात.