‘हॅमरेज रक्तातच असतं’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या हा निरोप फिरतोय : ‘घरात कुणाला ब्रेन हॅमरेज झालं असेल तर ते तुमच्याही जनुकांत आहे. आधी जीन टेस्ट करा. बीपीच्या गोळ्यांनी ते टळत नाही.’ तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि तिसरं जिवावर बेतणारं.

‘तुमच्याही जनुकांत आहे.’ आधी रक्तस्राव मेंदूत कुठे झाला ते विचारा. खोल भागात, थॅलॅमसच्या आसपास झाला असेल तर कारण बहुधा वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब. पृष्ठभागाजवळच्या, म्हणजे लोबार रक्तस्रावामागे उतारवयात बरेचदा वेगळी गोष्ट असते : धमन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि भिंत ठिसूळ होते. इथे १९व्या गुणसूत्रावरच्या एपीओई जनुकाचा संबंध पक्का आहे. त्याच्या तीन प्रकारांपैकी ई३ सर्वाधिक आढळतो. ई२ आणि ई४ लोबार रक्तस्रावाचा धोका वाढवतात. ई२ अल्झायमरचा धोका कमी करतो, म्हणून अहवालात ‘ई२’ वाचून काहीजण निर्धास्त होतात. तसं होऊ नये. पण धोका वाढणं म्हणजे आजार होणं नव्हे. ई४ असलेल्या बहुसंख्य लोकांना हॅमरेज कधीच होत नाही. एकाच जनुकातल्या बिघाडाने पिढ्यानपिढ्या रक्तस्राव होणारी कुटुंबं नेदरलँड्स आणि आइसलँडमध्ये आहेत, पण तो प्रकार दुर्मीळ.

‘आधी जीन टेस्ट.’ एपीओईच्या निकालाने उपचार सहसा बदलत नाहीत. त्यापेक्षा रुग्णाचे सीटी-एमआरआयचे अहवाल जपून ठेवा. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय (रक्ताच्या खुणा ठळक दाखवणारी खास पद्धत) वापरली असेल तर जुने सूक्ष्म रक्तस्राव काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. घरातल्या अनेकांना तरुणपणीच रक्तस्राव झाला असेल, किंवा दोन सख्ख्या नातलगांना अॅन्युरिझम (मेंदूतल्या धमनीला आलेला फुगवटा) असेल, तर मात्र न्यूरोलॉजिस्टला नक्की भेटा.

‘गोळ्यांनी टळत नाही.’ आधी पक्षाघात होऊन गेलेल्यांवर झालेल्या ‘प्रोग्रेस’ नावाच्या औषध-चाचणीत (२००१) रक्तदाब उतरवल्यावर मेंदूतले रक्तस्राव सुमारे निम्म्यावर आले. अमायलॉइडवाल्यांनाही फायदा दिसला. जनुक बदलता येत नाही, रक्तदाब येतो.

घरी रक्तदाब मोजताना ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा, पट्टा उघड्या दंडावर बांधा. घट्ट, लहान पट्टा आकडा फुगवतो. सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, दर वेळी १ मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं ७ दिवस मोजून लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. चालू गोळी मनाने बंद करू नका. आणि लोबार रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाला ‘हृदयासाठी चांगली’ म्हणून अॅस्पिरिन परस्पर देऊ नका.