बेल्ट बाहेर जातो एकीकडे, दोष असतो दुसरीकडे

नमस्कार. प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खडी क्रशरच्या मेन कन्व्हेयरला (खडी वाहून नेणाऱ्या बेल्टला) सेल्फ-अलायनिंग रोलर (बेल्टला आपोआप मध्यावर आणणारे, स्वतः वळणारे रोलर) आणि स्कर्ट रबर (माल सांडू नये म्हणून कडेने लावलेली रबरी पट्टी) लावूनही बेल्ट बाजूला पळायचा तो पळतोच आणि माल सांडायचा तो सांडतोच. अटॅचमेंट ही विकणाऱ्यांची सोय. स्कर्टला जुन्या बेल्टच्या पट्ट्या आणि एक जाणकार फिटर, एवढं पुरे.

फिटरच्या जाणकारीबद्दल दुमत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की बेल्ट जिथे बाहेर जातो, तिथेच ते रोलर बसवले. तिथे बेल्ट बाहेर गेलेला नुसता दिसतो. ढकलला जातो त्याच्या अलीकडे, आधीच्या रोलरांवर. रोलरचं जे टोक बेल्टला आधी भेटतं, त्या बाजूला बेल्ट सरकतो. शिवाय क्रशरवरची धूळ! पिव्हॉटमध्ये (रोलर ज्या खुंटीवर वळतो तिथे) कच भरली की सेल्फ-अलायनिंग रोलर तिरका अडकतो आणि मग तोच बेल्टला बाहेर काढतो.

बेल्टच्या जॉइंटवर (दोन टोकं जोडलेली असतात तिथे) खडूने ठळक खूण करा आणि बेल्ट रिकामा चालवून बघा. बेल्टचा ठरावीक तुकडाच जागोजागी बाहेर जात असेल, तर जॉइंट वाकडा आहे किंवा तो तुकडाच. अख्खा बेल्ट एकाच जागी बाहेर जात असेल, तर दोष फ्रेमचा किंवा रोलरचा. रिकामा सरळ चालतो आणि माल पडला की पळतो, तर चूट, म्हणजे बेल्टवर माल सोडणारी घसरण, बघा.

तुमच्या वर्णनावरून मला तरी चूटचाच संशय येतो. माल बाजूने येऊन पलीकडच्या कडेला आदळतो, ढीग एका अंगाला पडतो. जड बाजू बेल्टच्या खोलगट तळाकडे घसरते आणि बेल्ट हलक्या बाजूला सरकतो. चूटमध्ये आडवी पट्टी वेल्ड करून तिच्यावर दगडाचाच थर साठू द्या. माल त्या थरावर आपटून मधोमध पडतो, आणि प्लेटही कमी झिजते.

हे झाल्यावर स्कर्ट. दोन रोलरांमध्ये बेल्ट झोळ खात असेल, तर कितीही महागडं रबर लावा, खालून कच गळणारच. म्हणून माल पडतो तिथे आधी इम्पॅक्ट रोलर (आदळणाऱ्या मालाचा मार सोसणारे रबरी रोलर) जवळजवळ लावायचे. रबर बेल्टला नुसतं टेकलं पाहिजे. आणि स्कर्टच्या लोखंडी प्लेटखालची फट बेल्ट धावतो त्या दिशेने वाढत गेली पाहिजे, नाहीतर अडकलेला खडा पाचरीसारखा बसतो आणि बेल्टला चर पाडतो.

जुन्या बेल्टच्या पट्ट्या मात्र कृपा करून काढा. त्यांत कापडाचे पदर असतात, रबरात कच रुतलेली असते. नव्या बेल्टचं कव्हर त्या सोलून काढतात. त्यापेक्षा टेल पुलीच्या (बेल्टच्या मागच्या टोकाच्या चाकाच्या) अलीकडे रिटर्न बेल्टवर (खालून परत येणाऱ्या भागावर) व्ही-प्लाऊ (खडा बाजूला सारणारी व्ही आकाराची पट्टी) लावा, म्हणजे खाली पडलेला खडा पुलीत शिरणार नाही.

‘आमचा माणूस चालू बेल्टवरच रोलर ठोकून लाइनला आणतो,’ हे तुमचं वाक्य वाचून मी अस्वस्थ झालो. टेल पुलीत बाही अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. आजच थांबवा हे. बेल्ट बंद, मेन स्विचला कुलूप, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. एका वेळी एकच रोलर किंचित हलवायचा, माणसं बाजूला, जाळी परत जागेवर, मग बेल्टला काही फेरे मारू द्यायचे आणि लांबून बघायचं.

खडूची खूण करून काय दिसलं ते इथे लिहा. चूटच्या तोंडाचा फोटोही टाका, पण तो बेल्ट बंद असताना काढलेला.