कोस्टा रिका चार दिवसांत पाहून होत नाही

सोलापुरातील सहलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या असा मजकूर फिरत आहे की, मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा देश आपल्या जिल्ह्याच्या साडेतीनपटच असल्यामुळे गाडी भाड्याने घेऊन तो चार दिवसांत पाहून होतो, आणि आरेनाल ज्वालामुखीचा लाव्हा रात्री हमखास दिसतो. यातील क्षेत्रफळाचा हिशेब बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. सुमारे 51,100 चौरस किलोमीटरच्या या देशाच्या मध्यातून डोंगररांगा जातात, त्यामुळे तेथील अंतर पुणे रस्त्याच्या सवयीने मोजता येत नाही. राजधानी सान होसेहून मोंतेवेर्देच्या मेघारण्यापर्यंतच्या (सतत ढगांत वेढलेल्या डोंगरी जंगलापर्यंतच्या) जेमतेम दीडशे किलोमीटरना तीन-चार तास सहज लागतात, तर समुद्री कासवांसाठी प्रसिद्ध असलेल्या तोर्तुगेरो गावापर्यंत मोटाररस्ताच नाही. तेथे होडीने किंवा लहान विमानाने जावे लागते. (भाड्याची गाडी तोवर धक्क्यावर उभी!) कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात 2014 पासून अधिकृत मार्गदर्शकाशिवाय प्रवेश मिळत नाही. आरेनालचा 1968 मध्ये सुरू झालेला उद्रेक 2010 मध्येच थांबला, त्यामुळे रात्री लाव्हा दिसण्याची गोष्टही आता खरी नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एवढे जरूर पाहावे की, ऑक्टोबरमध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर पाऊस जोरात असतो, तर कॅरिबियन किनारा त्या मानाने कोरडा असतो.